ट्रॅक्टरचा जुना टायर घरच्या व्यायामाला कितपत उपयोगी पडतो?

ताकदीच्या व्यायामासाठी घरी जे साहित्य आणता येते, त्यात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा जुना टायर माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने वापरला जाणाराही तोच आहे. त्यात हलणारा भाग नाही, तुटण्यासारखे काही नाही, वंगण लागत नाही आणि उघड्यावर ठेवला तरी तो वर्षानुवर्षे टिकतो. मात्र बहुतेक जण तो फक्त उलटवण्यासाठी आणतात, आणि तोही स्वतःला झेपेल त्यापेक्षा बराच मोठा आणतात. परिणामी चार-दोन आठवडे जोर लावून झाला की कंबर धरते आणि टायर अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहतो. टायर बराच काळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की घरच्या वापरात उलटवणे हा त्याचा तिसऱ्या क्रमांकाचा उपयोग आहे. त्यावर घणाचे घाव घालणे आणि दोर बांधून तो ओढणे या दोन्ही गोष्टी त्याहून अधिक लाभ देतात आणि शरीराला कमी धोक्यात घालतात.

निवड करताना टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा वाचता आला पाहिजे. १३.६-२८ असे लिहिले असेल, तर पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा आकडा तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास इंचांत सांगतो. दोन आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ असेल तर टायर साध्या बांधणीचा, म्हणजे नायलॉनच्या धाग्यांचे थर तिरपे एकमेकांवर टाकून केलेला असतो. रेघेच्या जागी आर हे अक्षर असेल तर तो रेडियल, म्हणजे धाग्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ टाकून केलेला असतो. नव्या पद्धतीच्या आकड्यांत रुंदी मिलिमीटरमध्ये येते, मधला आकडा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि रिमचा व्यास इंचांतच राहतो, त्यामुळे ३४०/८५ आर २८ आणि १३.६ आर २८ हे व्यवहारात एकाच मापाचे टायर समजावेत. व्यायामासाठी मी साध्या बांधणीचा टायर पसंत करतो, कारण त्याची बाजू कडक असते. रेडियल टायरची बाजू मऊ असते आणि दाबली की आत जाते. शेतात हा गुण असला तरी घणाखाली तो त्रासदायक ठरतो.

वजनाबाबत ढोबळ अंदाज असा देता येईल. १२.४-२८ आणि १३.६-२८ या मापांचे टायर साधारण ५० ते ७० किलोंच्या दरम्यान भरतात, १६.९-२८ हा ९० किलोंच्या आसपास किंवा थोडा वर जातो आणि १८.४-३० शंभरी ओलांडतो. पुढच्या चाकाचा ६.००-१६ हा लहान टायर १५ किलोंच्या जवळपास असतो. हे आकडे थरांच्या संख्येनुसार आणि नक्षी किती झिजली आहे त्यानुसार बदलतात, म्हणून विक्रेत्याच्या तोंडी अंदाजावर जाऊ नये. घरच्या साध्या वजनकाट्यावरही टायर तोलता येतो. टायर आडवा ठेवून त्याच्या एका कडेखाली काटा सरकवावा आणि बरोबर समोरच्या कडेखाली काट्याच्याच उंचीची फळी ठेवावी. काट्यावर जो आकडा येईल त्याची दुप्पट म्हणजे टायरचे वजन. दोन्ही टोकांवर भार सारखा वाटला जातो, त्यामुळे उत्तर अगदी जवळचे येते.

हीच मोजणी टायर उलटवण्याचे गणितही सांगून जाते. आडवा टायर एका कडेने उचलताना तो समोरच्या कडेवर टेकलेला असतो, म्हणून सुरुवातीला हातांवर येणारा भार त्याच्या वजनाच्या निम्माच असतो. ७० किलोंचा टायर उलटवणे म्हणजे हातांवर ३५ किलोंचा भार घेऊन उठणे, आणि टायर जसजसा उभा होतो तसतसा हा भार आणखी कमी होत जातो, कारण टायरच्या जाडीमुळे त्याचा गुरुत्वमध्य टेकलेल्या कडेकडे सरकत जातो. मोठमोठे टायर उलटवणाऱ्यांकडे पाहून वाटते तितके हे वजन प्रचंड नसते. अवघड असते ते वेगळेच. पकड जमिनीला टेकलेली असते, कड जाड आणि गोलाकार असल्याने बोटांना धरायला दांडा मिळत नाही, आणि भार छातीच्या पुढे असतो. शिवाय मधेच, म्हणजे कड कमरेच्या वर आली की, ओढण्याचे काम संपून ढकलण्याचे सुरू होते आणि हाताची पकड तेथेच बदलावी लागते. टायरचा व्यास जितका मोठा, तितका तो या क्षणी अधिक आडवा असतो, म्हणून सारख्या वजनाच्या दोन टायरांपैकी मोठ्या व्यासाचा टायर बुटक्या माणसाला जास्त जड जातो. १३.६-२८ चा व्यास साधारण १३० सेंटिमीटर असतो. सर्वसाधारण उंचीच्या व्यक्तीने सुरुवातीला यापेक्षा मोठा टायर घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, मग ती व्यक्ती व्यायामशाळेत कितीही वजन उचलत असो.

उलटवण्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण दुखापती याच ठिकाणी होतात. सर्वसाधारण चूक अशी की माणूस टायरजवळ उभा राहतो, खोल बसतो आणि कोपर वाकवून, तळहात वर करून टायर वर खेचू पाहतो. वाकलेल्या कोपराने आणि वर वळलेल्या तळहाताने एकदम मोठा भार घेतला, तर दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा कोपराजवळ तुटू शकते. ही दुखापत शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. त्याऐवजी पाय टायरपासून मागे घ्यावेत, छाती आणि खांद्यांचा पुढचा भाग टायरच्या कडेवर टेकवावा, हात सरळ ठेवून बोटे खाली घालावीत आणि जोर वर न लावता पुढे आणि वर असा तिरपा लावावा. पाय मागे ढकलत पुढे चालत गेल्यासारखे व्हावे. कड कमरेपर्यंत आली की एका मांडीने टायरला खालून धक्का द्यावा. त्या धक्क्याने भार क्षणभर हलका होतो आणि त्याच क्षणात हात फिरवून तळव्यांनी ढकलायला घ्यावे. तोवर हात फक्त हुकासारखे अडकलेले असावेत, उचलण्याचे काम मांड्या आणि नितंबांनी करावे. टायर उभा झाला की तो स्वतःच्या नक्षीवर थोडा वेळ तोल सांभाळून राहतो. दम घ्यायचा असेल तर तेथे घ्यावा, मात्र तो परत आपल्या अंगावर येऊ लागला तर अडवण्याचा प्रयत्न न करता बाजूला व्हावे. एका वेळी पाच-सहा वेळा उलटवून थांबणे पुरेसे आहे. दमल्यावर पहिल्यांदा पाठीचा बाक बिघडतो, आणि तो बिघडल्यानंतर केलेली प्रत्येक उलटापालट फायद्यापेक्षा तोटाच करते.

घणाचा व्यायाम हे या टायरचे खरे सामर्थ्य आहे. लोखंडी घण दगडावर किंवा काँक्रीटवर मारला तर सगळा हादरा मनगटात आणि कोपरात परत येतो. रबर तो हादरा गिळते, पण घणाला वर उसळीही देते, आणि ती उसळी आवरणे हा व्यायामाचा अर्धा भाग आहे. नवख्या माणसाने ३ ते ४ किलोंचा घण घ्यावा. ६ किलोंचा घण ऐकायला फार वाटत नाही, पण तो लांब दांड्याच्या टोकाला असतो आणि काही घावांनंतर खांद्यांना त्याची जाणीव होऊ लागते. घण उचलताना एक हात घणाच्या डोक्याजवळ आणि दुसरा दांड्याच्या शेवटी असावा, आणि घाव खाली येताना वरचा हात दांड्यावरून घसरत खालच्या हाताला येऊन मिळावा. हे जमले की घाव मारताना खांदे नुसते दिशा देतात, जोर मात्र पोट आणि कंबर वाकून येतो. टायर आडवा ठेवून त्याच्या बाहेरच्या कडेजवळ, जेथे नक्षीचे जाड पट्टे बाजूला येऊन मिळतात, तेथे मारावे. आतल्या बाजूचे पातळ रबर अधांतरी असते. त्यावर घाव बसला तर घण वाकडा उसळतो. घणाचे तोंड रबरावर सपाट बसले की एक भरीव, बुजलेला आवाज येतो, आणि कडेने बसले की आवाज फुटका येतो व दांडा हातात पिळला जातो. त्यामुळे डोळ्यांइतकेच कानही लावून मारावे. उजव्या बाजूने जितके घाव, तितकेच डाव्या बाजूने घालावेत. पहिल्या काही दिवसांत डावी बाजू अगदीच अडाणी वाटते, तरीही ती टाळू नये.

या कामाला टायर जडच लागतो, कारण हलका टायर प्रत्येक घावासरशी सरकतो. ५० किलोंच्या वरचा कोणताही टायर जागेवर राहतो. अंतराचा अंदाज चुकला की घणाच्या डोक्याऐवजी दांडाच कडेवर आपटतो आणि लाकडी दांडा डोक्याच्या लगेच खाली चिरतो. म्हणून त्या जागी दांड्याला जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून ठेवावी आणि प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी डोके हलत नाही ना हे पाहावे. आजूबाजूला, विशेषतः पाठीमागे, कोणी उभे राहता कामा नये.

ओढण्यासाठी मात्र मागचा टायर मला गैरसोयीचा वाटतो आणि पुढच्या चाकाचा लहान टायर सर्वोत्तम वाटतो. १५ किलोंचा ६.००-१६ टायर आडवा ठेवला की मधल्या पोकळीत फळी टाकून त्यावर वाळूची पिशवी ठेवता येते, आणि पिशवीतील वाळू कमीजास्त करून भार हवा तितका बदलता येतो. मोठ्या टायरला ही सवलत नाही. दोर टायरच्या सगळ्या रबराभोवती गुंडाळून बांधावा, किंवा बाजूला भोक पाडून दोन्हीकडून रुंद वायसर लावलेला कडीचा बोल्ट बसवावा. नुसत्या भोकातून ओवलेला दोर रबरावर घासून लवकर तुटतो. कमरेला रुंद पट्टा बांधून पुढे चालत ओढल्यास नितंब आणि पोटऱ्यांना काम मिळते, आणि दोर हातात धरून उलट पावली ओढल्यास मांडीच्या पुढच्या स्नायूंना असे काम मिळते की गुडघ्याच्या वरचा भाग पेटल्यासारखा होतो. कोरड्या सिमेंटवर रबराचे घर्षण फार असते, टायरच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक जोर नुसता तो सरकता ठेवायला लागतो. गवतावर आणि ओल्या जमिनीवर तेच काम बरेच सोपे होते. म्हणून एकाच भाराने आज सिमेंटवर आणि उद्या गवतावर ओढून प्रगती मोजू नये, जागा एकच ठेवावी.

ओढण्याचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. वजन खाली सोडताना स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून असतो, आणि दुसऱ्या दिवशीची अंगदुखी बरीचशी त्या टप्प्यातून येते. टायर ओढताना असा टप्पा जवळजवळ नसतोच. त्यामुळे दम चांगला लागतो, पायांची ताकद वाढते आणि तरीही दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय लटपटत नाहीत. ज्यांना शेतात, कारखान्यात किंवा पायांवर उभे राहून दिवसभर काम करायचे असते, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही. उलट, स्नायूंचा आकार वाढवणे हाच ज्यांचा हेतू आहे त्यांना याच कारणाने टायर अपुरा पडेल, हेही सांगितले पाहिजे.

अपुरेपणा इतरही आहे. टायरने डोक्यावर वजन पेलण्याचा व्यायाम होत नाही, लटकून अंग वर खेचण्याची जागा तो घेत नाही आणि पाठीच्या वरच्या भागाला त्यातून पुरेसे काम मिळत नाही. लोखंडी दांड्याला आपण दर आठवड्याला दोन-अडीच किलो वाढवू शकतो, टायर मात्र जेवढा आहे तेवढाच राहतो. जास्त काम करायचे तर विश्रांतीचा वेळ कमी करावा, अंतर वाढवावे किंवा घण जड घ्यावा, एवढेच मार्ग उरतात. काही जण टायरवर उड्या मारतात. आडव्या टायरची बाजू पायाखाली असमान दबते आणि घोटा मुरगळतो, म्हणून मी उडी मारण्याऐवजी पाय ठेवून चढणे-उतरणे सुचवेन, आणि तेही नक्षीच्या कडक कडेवर.

जागेचा विचार टायर घरी येण्यापूर्वीच व्हावा. गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर टायर उलटवू नये; ७० किलोंचे रबर उभ्याचे आडवे होताना जो धक्का बसतो तो फरशी तडकवायला पुरेसा असतो आणि खालच्या घरात तो छतातून ऐकू जातो. सर्वांत चांगली जागा म्हणजे घट्ट मातीची किंवा गवताची. भुसभुशीत वाळूत टायर रुततो आणि बोटे खाली जात नाहीत, तर खडीवर बोटे सोलवटून निघतात. बंद खोलीत रबराचा वास साठून राहतो. रबरात मिसळलेल्या काजळीमुळे हात आणि कपडे काळे होतात, हे तर टाळता येतच नाही. हातमोजे घातले तर त्वचा वाचते, पण पकड थोडी सुटते, त्यामुळे उलटवताना मी उघड्या हातांना पसंती देतो.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याविषयी. उघड्यावर पडलेला टायर पाणी धरतो, कारण आडव्या टायरच्या आतल्या बाजूला पन्हाळीसारखी खोलगट जागा असते. त्या सावलीतल्या, साचलेल्या पाण्यात एडीस जातीचे डास अंडी घालतात आणि डेंग्यू याच डासांमुळे पसरतो. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. नुसते पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर रबराला चिकटलेली असतात, ती कोरडी होऊनही महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. म्हणून टायर आणल्याबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण हातभर अंतरावर, करंगळी जाईल एवढी भोके ड्रिलने पाडून घ्यावीत. टायर दोन्ही अंगांवर पडणार असल्याने एकाच बाजूची भोके उपयोगाची नाहीत. रबर ड्रिलच्या टोकाला धरून ठेवते, तेव्हा टोक साबणाच्या पाण्यात बुडवत काम करावे. रिमला बसणाऱ्या आतल्या कडेत पोलादी तारांचा जुडगा असतो, तिच्यापासून भोक दूर ठेवावे. एवढे करूनही पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आतली पन्हाळ कोरडी आहे का हे हात घालून नव्हे, डोळ्यांनी पाहावे, कारण विंचू आणि इतर जीवांनाही ती जागा आवडते. बोटे टायरखाली घालण्यापूर्वी तो पायाने एकदा हलवून घेण्याची सवय याच कारणाने लावावी.

विकत घेताना टायरची नक्षी पूर्ण झिजलेली असली तरी हरकत नाही. थोडी झिजलेली नक्षी तर चांगलीच, कारण कोऱ्या टायरचे धारदार पट्टे बोटांना आणि छातीला टोचतात. पाहायच्या त्या आतल्या कडेवरच्या तारा. टायर रिमवरून काढताना पहारीने ओरबाडला गेला असेल, तर रबर सोलून तारेची टोके बाहेर आलेली असतात आणि ती तळहातात सुईसारखी घुसतात. कडेवरून जाड कापड फिरवून पाहिले की असे टोक लगेच अडकते. बाजूला बारीक भेगा असणे हे वयाचे लक्षण आहे आणि चालण्यासारखे आहे, पण भेगेतून धाग्यांचे थर दिसत असतील तर तो टायर घेऊ नये, कारण घणाखाली तो तेथूनच फाटत जाईल. ट्रॅक्टरला जमिनीवर पकड मिळावी म्हणून मागच्या चाकांत पाणी भरलेले असते, आणि थंड प्रदेशांत ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. असा टायर आला असेल तर तो आतून भरपूर पाण्याने धुऊन घ्यावा. रिम चढवलेला किंवा हवा भरलेला टायर व्यायामासाठी कधीही घेऊ नये, आणि तो घरी स्वतः उतरवण्याचा तर विचारही करू नये.

टायर निकामी झाल्यावर त्याचे काय करायचे हा प्रश्न आणतानाच सोडवून ठेवावा. जाळल्यास त्यातून निघणारा धूर विषारी असतो आणि पुरल्यास तो कुजत नाही. कचऱ्याच्या नेहमीच्या गाडीत एवढा मोठा टायर सहसा घेतला जात नाही. रबरावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे तो देता येतो, आणि ज्या दुकानातून जुना टायर मिळतो तेथील माल बहुधा शेवटी त्यांच्याकडेच जात असतो. तेव्हा वाहतूक ठरवताना टायर परत घेण्याचेही त्याच दुकानदाराशी बोलून ठेवावे, कारण भोके पाडलेला टायर नंतर दुसरे कोणी घेत नाही.